गोण्यांनी पोटॅश येतं त्या गावात एक थेंब मिळाला नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या मोहोपाड्याच्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "आता रक्ताच्या एका थेंबातून बुरशीचा आजार पाच मिनिटांत कळणार! इन्फ्रारेड किरणांची कमाल! बायोप्सीची गरज संपली!" खाली अंगठ्यांची रांग. शेजारचा एक पोरगा थेट घरीच आला. म्हणाला, "दादा, कंपनीत तू तेच मशीन चालवतोस ना? खरं आहे का हे?"

त्याला उभ्या उभ्या उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसलो. लिहायचा हक्क मला दोन कारणांनी आहे असं समजतो. एक म्हणजे पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये सतरा वर्षं मी हे इन्फ्रारेडचं मशीन हाताळतोय. दुसरं म्हणजे आमच्या भावोजींचा डावा डोळा. तो २०२१ साली बुरशीने गेला.

आधी भावोजींचं सांगतो, मशीनचं नंतर.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. भावोजी टेम्पो चालवायचे, दांड फाटा ते पनवेल, पनवेल ते तळोजा. कोविड झाला, ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिलं. त्या स्टेरॉइडने त्यांचा जीव वाचला, हे मी आजही मानतो. ज्याला ऑक्सिजन लागतो त्याच्यासाठी ते औषध योग्यच होतं. पण त्यांना आधीपासून साखर होती आणि ती कधीच धड आटोक्यात नव्हती. घरी आले तेव्हा साखर साडेतीनशेच्या वर. बाराव्या दिवशी घरी आले म्हणून बहिणीने देवापुढे साखर ठेवली आणि इकडे त्यांच्या रक्तातली साखर कुणी मोजत नव्हतं.

चार दिवसांनी डावा गाल बधिर झाला आणि वरच्या दाढा दुखायला लागल्या. दातांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढून गोळ्या दिल्या. मग नाकातून काळपट घाण यायला लागली, डोळ्याची पापणी खाली आली. एका दवाखान्यात सांगितलं, सायनस आहे. सलाइन लावलं. मग "सगळ्या टेस्ट करून घेऊ" म्हणाले. रक्ताच्या टेस्टचं बिल अकरा हजार रुपये झालं. रिपोर्टची फाइल एवढी जाड. त्या फाइलमध्ये एकाही कागदावर बुरशीचं नाव नव्हतं. कारण त्यातली एकही टेस्ट बुरशी शोधणारी नव्हती.

नवव्या दिवशी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे कान-नाक-घशाची एक तरुण डॉक्टर होती. तिने नाकात दुर्बीण घातली, आतली काळी खपली थोडी खरवडून घेतली आणि लॅबला पाठवली. दीड तासाने येऊन म्हणाली, "म्युकर आहे. आज रात्रीच ऑपरेशन करावं लागेल. डोळा वाचेल असं मी सांगू शकत नाही." मी तिला विचारलं, "मॅडम, एवढ्या लवकर कसं कळलं?" ती म्हणाली, "केओएच माउंट. काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात."

मी तिथेच बाकावर बसलो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड. कॉस्टिक पोटॅश. आमच्या प्लांटमध्ये ते गोण्यांनी येतं. त्याची शुद्धता तपासायचं काम माझ्याच टेबलावर होतं. आपल्या गावाच्या परिसराचं नावच रसायनी. १९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाली आणि इथे रसायनांचं गाव उभं राहिलं. एचओसीचं इथलं युनिट बंद पडलं तरी एमआयडीसीच्या टाक्या अजून भरलेल्याच आहेत. एवढ्या रसायनांच्या गावातल्या माणसाला पोटॅशचा एक थेंब मिळायला नऊ दिवस लागले, तोही मुंबईत. माझ्या डोक्यातून हे अजून जात नाही.

आता तो थेंब काय करतो ते सांगतो. पोटॅश आपल्या शरीराच्या पेशी विरघळवतं. बुरशीच्या पेशीची भिंत चिवट असते, ती इतक्या सहज विरघळत नाही. त्यामुळे काचपट्टीवरचा बाकीचा पसारा साफ होतो आणि बुरशीचे तंतू उरतात. म्युकरचे तंतू रुंद असतात, रिबिनीसारखे. शिकलेल्या डोळ्याला लगेच दिसतात. नंतर बायोप्सी आणि कल्चर करून पक्कं करतातच, पण उपचार सुरू करायला हा पहिला इशारा पुरतो.

आणि म्युकरमध्ये तासांना किंमत असते. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बंद पाडते, मग पुढचा भाग रक्त न मिळाल्याने मरतो आणि काळा पडतो. लोक "काळी बुरशी" म्हणतात, पण काळी बुरशी नसते, काळं मेलेलं मांस असतं. म्हणजे काळं दिसलं तेव्हा थोडा उशीर आधीच झालेला असतो. गाल बधिर होणं, दाढ दुखणं, एका बाजूचं नाक चोंदणं, एकाचे दोन दिसणं, या आधीच्या खुणा. साखर आणि स्टेरॉइड दोन्ही असलेल्या माणसाला यातलं काही झालं की त्याच दिवशी नाक तपासायला हवं.

हे फक्त आमच्या घरात घडलं असं नाही. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी देशातला आकडा सांगितला होता, ४०,८४५ रुग्ण. त्यातल्या जवळजवळ ६४ टक्के लोकांना मधुमेह होता आणि निम्म्याहून जास्त लोकांनी स्टेरॉइड घेतलेलं होतं. त्याच मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. आपल्या राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार आणले. ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळेनात, तेव्हा वर्ध्यातल्या एका कंपनीने ती बनवायला घेतली. म्हणजे घाई झाली तेव्हा सरकारही हललं, कंपन्याही हलल्या. मग लाट ओसरली आणि आपण सगळे विसरलो. नऊ दिवस का गेले, हे कुणी विचारलंच नाही.

आता मेसेजमधला प्रश्न. हे सगळं रक्ताच्या थेंबातून इन्फ्रारेडने कळलं असतं का?

आधी मशीन काय करतं ते बघू. इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. विल्यम हर्शेलने १८०० साली तो शोधला. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लाल संपतो त्याच्या पुढे त्याने थर्मामीटर ठेवला, तर तिथे काही दिसत नव्हतं आणि पारा मात्र चढत होता. पुढे कळलं की रेणूंमधले बंध सतत थरथरत असतात आणि प्रत्येक प्रकारचा बंध इन्फ्रारेडमधला आपापला ठरावीक भाग शोषतो. प्रथिनांची जागा ठरलेली, चरबीची ठरलेली, साखरेची ठरलेली. किती प्रकाश कुठे शोषला गेला याचा आलेख निघतो. खाली-वर डोंगरदऱ्या, आपल्या माथेरानच्या रांगेसारख्या.

कंपनीत आम्ही याचा उपयोग ओळख पटवायला करतो. कच्च्या मालाचं पिंप आलं, वर लेबल पॅरासिटामॉलचं आहे, पण आत खरंच पॅरासिटामॉल आहे का? चिमूटभर पावडर घ्यायची, आलेख काढायचा, प्रमाणित आलेखावर ठेवायचा. जुळला तर माल पास. भारतीय औषधसंहितेत कित्येक औषधांच्या ओळखीसाठी हीच चाचणी दिलेली आहे. पूर्वी पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये पावडर दाबून चकती करायचो. जुलैमध्ये आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की चकती हातात धरेपर्यंत धुरकट व्हायची आणि आलेखावर पाण्याचा उंचवटा यायचा. डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू. आता हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूट ठेवायची, वरून दाबायचं, मिनिटाभरात काम. मेसेजवाल्यांचं "पाच मिनिटांत" त्या अर्थाने खोटं नाही.

पण पिंपात एकच पदार्थ असतो. रक्तात हजारो असतात. एकट्या माणसाचा आवाज ओळखणं वेगळं आणि भजनी मंडळ जोरात गात असताना मागच्या रांगेतला कोण बेसूर आहे हे ओळखणं वेगळं. शिवाय रक्तात पाणी सगळ्यात जास्त, आणि पाणी नेमकं प्रथिनांच्या मुख्य जागेवरच प्रकाश शोषतं. म्हणून रक्ताचा थेंब किंवा वरचा प्लाझ्मा आधी वाळवावा लागतो. नीट वाळवला नाही, थर कमी-जास्त पडला, की आलेख बदलतो. आपल्या पावसाळ्यात हे किती जमेल, याचा मला अनुभव आहे.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. कँडिडा नावाची बुरशी रक्तात शिरते तेव्हासुद्धा एक मिलिलिटर रक्तात तिची एखादीच पेशी सापडते, कित्येकदा तीही नाही. बाटलीत रक्त घालून वाढवायची जी नेहमीची पद्धत आहे, ब्लड कल्चर, ती म्हणूनच जवळजवळ निम्म्या रुग्णांत चुकते आणि उत्तर यायला दिवस लागतात. म्युकर तर रक्ताच्या कल्चरमध्ये जवळपास सापडतच नाही. बुरशीच्या भिंतीचे तुकडे रक्तात शोधणाऱ्या ज्या टेस्ट आहेत, बीटा-डी-ग्लुकान आणि गॅलॅक्टोमॅनन, त्यांतही म्युकर दिसत नाही.

म्हणजे इन्फ्रारेडच्या मशीनला एका थेंबात बुरशी स्वतः दिसणं जवळपास अशक्य. मग संशोधक शोधतायत काय? ते बुरशीने शरीरात केलेली उलथापालथ शोधतात. शरीर लढायला लागलं की रक्तातली प्रथिनं बदलतात, चरबी बदलते, साखर बदलते. त्या सगळ्याचा मिळून आलेख थोडा सरकतो. तो फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही. शेकडो रुग्णांचे आलेख संगणकाला शिकवले की तो फरक ओळखायला शिकतो, अशी ही कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. मी तिची टर उडवत नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण आहे. कोविडच्या काळात पवईच्या आयआयटीतल्या प्रा. संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्यूआयएमआर बर्घोफर संस्थेबरोबर हेच काम केलं. मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या कोविड रुग्णांच्या प्लाझ्माचे इन्फ्रारेड आलेख काढले. एकूण १६० रुग्ण. कोणता रुग्ण पुढे गंभीर होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो का, हा प्रश्न होता. आणि बऱ्यापैकी येतो, असं त्यांना दिसलं. पण नीट बघा, गणितात नुसता आलेख नव्हता. वय, स्त्री की पुरुष, रक्तदाब, मधुमेह हेही धरलं होतं. संशोधक प्रामाणिक असले की हे सांगतात. फॉरवर्ड करणारा सांगत नाही.

दुसरा एक उपयोग तर आजही चालू आहे. कँडिडा ऑरिस नावाची एक बुरशी आहे, २००९ साली जपानमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. आयसीयूत पलंगावर, नळ्यांवर टिकते आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाही. एका वॉर्डात चार रुग्णांना ती झाली तर ती एकाकडूनच पसरली का, हे शोधायला इन्फ्रारेड वापरतात. पण तिथे बुरशी आधी वाढवून घेतलेली असते, शुद्ध स्वरूपात. म्हणजे परत आमच्या पिंपासारखंच.

म्हणून ज्या मेसेजमध्ये "बायोप्सीची गरज संपली" लिहिलंय, तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. उद्या कुणाचा गाल बधिर झाला आणि घरातले म्हणाले, "थांबा, रक्ताची नवीन टेस्ट आलीय, ती करू, नाक खरवडायला नको," तर पुन्हा नऊ दिवस जातील.

आता एक छोटं गणित. शाळेतलंच आहे, घाबरू नका. समजा अशी टेस्ट आली आणि ती ९० टक्के बरोबर आहे. म्हणजे शंभर आजारी माणसांतले ९० पकडते आणि शंभर निरोगी माणसांतल्या ९० जणांना निरोगी म्हणते. ऐकायला भारी वाटतं. आता ताप आलेल्या १,००० माणसांची ती केली आणि त्यातल्या फक्त १० जणांना खरोखर बुरशी आहे. त्या १० पैकी ९ सापडले. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांनाही "बुरशी आहे" असा रिपोर्ट आला. म्हणजे पॉझिटिव्ह १०८, त्यातले खरे ९. त्या ९९ घरांत काय होईल? ॲम्फोटेरिसिन हे काही तापाच्या गोळीसारखं औषध नाही. त्याने थंडी भरते, किडनीवर ताण येतो, आणि त्याची महागडी लिपोसोमल कुपी रोज, अनेक दिवस लागते. दागिने गहाण पडतील, तेही नसलेल्या आजारासाठी.

तीच टेस्ट आयसीयूमध्ये वापरा, जिथे १,००० पैकी १०० जणांना खरोखर बुरशी असेल. तिथे ९० सापडतील, ९० खोटे निघतील. म्हणजे निम्मा निम्मा हिशोब. शिवाय ज्यांना "नाही" आलं त्यांच्याबद्दल बऱ्यापैकी निर्धास्त होता येईल आणि उगाच चालू असलेली महाग औषधं थांबवता येतील. टेस्ट तीच, यंत्र तेच, पण कुणाची करायची हे ठरवलं तर उपयोगी आणि नाही ठरवलं तर लूट. हे ठरवायचं काम डॉक्टरांचं आणि सरकारचं आहे, टेस्ट विकणाऱ्याचं नाही. आणि अशी टेस्ट बाजारात आली की पहिले फ्लेक्स "फुल बॉडी बुरशी चेकअप" म्हणूनच लागतील, हे लिहून ठेवा.

मला एकाने विचारलं, "म्हणजे तू नव्या तंत्रज्ञानाच्या विरोधात?" अजिबात नाही. उलट हे संशोधन आपल्याकडे व्हावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण ठोस आहे. रक्ताचा आलेख माणसागणिक बदलतो. साखर वाढली की बदलतो. टीबी, मलेरिया, कावीळ, कुपोषण, सगळ्याने बदलतो. परदेशातल्या रुग्णांवर शिकलेला संगणक कर्जत-खालापूरच्या माणसाला कसा ओळखणार? आपल्या वाड्यांवरची कातकरी बाई, जिचं हिमोग्लोबिन सात, आणि एमआयडीसीतला माझ्यासारखा बसून पोट सुटलेला मधुमेही, या दोघांच्या रक्तावर टेस्ट आधी तपासली गेली नसेल तर ती आपली टेस्ट नाही.

आणि या कामाला लागणारं अर्धं सामान आपल्या दारात आहे. पाताळगंगा पट्ट्यातल्या औषध आणि केमिकल कंपन्यांत इन्फ्रारेडची मशीनं आहेत, ती चालवणारी पोरं-पोरी आहेत. बीएस्सी केमिस्ट्री करून लागलेली, यातली बरीच आपल्याच गावांतली. आम्ही रोज पावडरचा खरेखोटेपणा तपासतो. पिंपाची ओळख पटल्याशिवाय ते आत जाऊ देत नाही, इतकी कडक शिस्त. माणसाच्या आजाराची ओळख पटवायला तेवढी शिस्त का नाही? अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले डॉक्टर, पवईतले शास्त्रज्ञ आणि इथल्या कंपन्यांचा सीएसआर, हे एकत्र बसले तर रक्ताचे नमुने नीट परवानगी घेऊन, नीट गोठवून, नीट नोंदवून पाच वर्षांत काहीतरी खरं हाती लागेल. सीएसआरमधून बसस्टॉप आणि बाकडी पुष्कळ झाली. त्यावर नाव मोठं लिहिता येतं, हे मला कळतं.

पण ते पाच वर्षांचं काम. यंदाच्या पावसाळ्याचं काय?

माझं मत सरळ आहे. आधी पोटॅशचा थेंब, मग प्रकाशाचा किरण.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मायक्रोस्कोप आहे. मलेरिया आणि टीबीसाठी लॅब टेक्निशियन आहे. केओएचची बाटली आणि काही दिवसांचं प्रशिक्षण, एवढ्यात केओएच तपासणी सुरू होऊ शकते. रोज उपयोग होईल का? होईल, कारण पाऊस सुरू झाला की अर्ध्या गावाला नायटा, गजकर्ण. कंपनीचे बूट आठ तास ओले, मांड्या घासून लाल. मग मेडिकलमधून ती तिहेरी मलम आणायची, ज्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, आतली बुरशी वाढत राहते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची मलमं विकू नयेत म्हणून केंद्राने २०१८ मध्येच नियम कडक केले. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. याच सवयीमुळे आपल्या देशात नायट्याची अशी जात पसरली आहे की नेहमीच्या टर्बिनाफिन गोळ्यांनी ती हटत नाही. आता ती इतर देशांतही सापडते आणि तिच्या नावातच भारत आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जगात नाव झालं, पण असं!

तर पहिली मागणी, प्रत्येक आरोग्य केंद्रात त्वचेच्या खरवडीची केओएच तपासणी.

दुसरी, चौकचं ग्रामीण रुग्णालय, कर्जत आणि पनवेलची उपजिल्हा रुग्णालयं, यांपैकी किमान एका ठिकाणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि नाकाची दुर्बीण. संशय आला तर त्याच दिवशी नमुना काढून अलिबाग किंवा मुंबईला पोचवायची गाडी. आरोग्य केंद्रात म्युकरचा नमुना काढता येणार नाही, ते काम तज्ज्ञाचं आहे, हे मला मान्य आहे. पण संशय घ्यायला आणि फोन करायला तज्ज्ञ लागत नाही. आशाताईंना त्या चार खुणा शिकवल्या तरी पुरे.

तिसरी, साखर. सगळ्यात स्वस्त "बुरशीची टेस्ट" म्हणजे बोटाला टोचून केलेली साखरेची तपासणी. स्टेरॉइडवर घरी पाठवलेल्या प्रत्येक मधुमेही माणसाची साखर पहिले पंधरा दिवस कुणीतरी मोजलीच पाहिजे. भावोजींची मोजली असती तर कदाचित पोटॅशच्या थेंबाचीही वेळ आली नसती.

चौथी, ज्या ठिकाणी रक्ताची झटपट बुरशी टेस्ट खरंच सिद्ध झाली आहे, ती तरी द्या. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी एचआयव्हीच्या रुग्णांच्या मेंदूत जाते. तिच्यासाठी पट्टीची टेस्ट आहे, प्रेग्नन्सी टेस्टसारखी. रक्ताचा थेंब, दहा मिनिटं, मशीन नाही, वीज नाही. मेसेजमध्ये जे वचन दिलंय ते या एका बुरशीपुरतं बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्ण झालंय. त्याचा फॉरवर्ड कुणाला आला होता का? मला नाही आला. कारण त्यात चकचकीत मशीन नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदा धोकादायक बुरशींची यादी काढली, १९ नावं. म्युकरचा गट त्यात आहे, कँडिडा ऑरिस तर सगळ्यात वरच्या गटात. आपल्या डॉक्टरांनी केलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की भारतात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना बुरशीचा गंभीर त्रास आहे. एवढा मोठा आजार, आणि ग्रामसभेत त्यावर एकदाही शब्द निघालेला मी ऐकला नाही. रस्ता, गटार, कंपनीचा वास, पाताळगंगेचं पाणी, यावर भांडतो आपण, भांडलंच पाहिजे. त्यात ही एक ओळ घाला. वासांबे मोहोपाडा ग्रामपंचायतीच्या येत्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे, वरच्या चार मागण्यांचा. ठराव झाला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाईल. सही करायला या. आजूबाजूच्या गावांतल्यांनी आपापल्या ग्रामसभेत द्या, मसुदा मी पाठवतो.

भावोजी बरे आहेत. टेम्पो विकला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही म्हणतात, घाटात भीती वाटते. आता घराच्या ओटीवर किराणा ठेवलाय. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा हा फॉरवर्ड त्यांनाही आला होता. मला दाखवून म्हणाले, "बघ रे, आता थेंबात कळतंय. आमच्या वेळेला नव्हतं."

मी मान हलवली. त्यांच्या वेळेलाही थेंब होता, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. तुम्हाला सांगतोय.

पटलं तर पुढे पाठवा. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा. आणि घरात कुणी साखरवालं असेल तर आज रात्री विचारा, शेवटची कधी मोजली होती.